बांधावरलं चंदन

हिरेवाडी, दुधनीजवळ
कारहुणवीनंतरचा बुधवार, सन १९२७

चिरंजीव भाऊ महिपतीस गोजरअक्काचा आशीर्वाद.

हितं आमी समदी बरी हावोत. तू सोलापुरात खाण्यापिण्याची हेळसांड करू नगंस. लहानपणी तुज्या पाटीवर मीबी गिरवलं, त्येच अक्षर अजून कामाला येतंय, म्हणून दुसऱ्या कुणाकडनं लिहून घेत न्हाय. चुकलं तर समजून घे.

एक घोर लागलाय. आपलं शेत अन् सिद्धलिंगप्पा अण्णाचं शेत ह्येंच्या मधल्या बांधावर, वड्याच्या अंगाला, एक झाड हाय बघ. मी तितं शेळी बांधती. तू आलतास तवा त्येच्याच सावलीला निजला हुतास. परवा संस्थानच्या जंगलखात्याचा शिपाई आला, झाडाभवती फिरला, साल नखानं खरवडली अन् डांबरानं खूण केली. म्हणला, "हे चंदन हाय. चंदन कुणाच्याबी रानात उगवू दे, ते संस्थानचं. फांदी तोडायची न्हाय, शेळी बांधायची न्हाय. राखण तुमीच करायची. चोरीला गेलं तर दंड तुमाला."

तुजं दाजी म्हणलं, "झाड संस्थानचं, तर राखणबी संस्थानानं करावी की."

तो म्हणला, "उभं तुमच्यात हाय की."

आता ह्यात आमाला काय कळायचं? झाड आमी लावलं न्हाय. पाखरानं बी टाकलं आसंल. त्येला आमी कदी पाणी घातलं न्हाय, नाव बी ठिवलं न्हाय. तुला ठावं हाय, बांधाच्या अलीकडं संस्थान अन् पलीकडं खालसा मुलूख. अण्णाचं शेत इंग्रज सरकारात पडतंय. आजवर ह्या हद्दीचं कुणाला काय वाटलं न्हाय. अण्णाचा एक बैल, आमचा एक, दोन मिळून जोडी. आदी त्येचं रान कुळवायचं, मग आमचं, दुसऱ्या सालाला उलटं. औंदा कारहुणवीला बी अण्णाच्या बायकूनं, शिवम्मानं, अन् मी दोन्ही बैलांची शिंगं एकाच गाडग्यातल्या हुरमुंजानं रंगवली.

तू जंगलखात्याच्या कचेरीत हायस. झाड कुणाचं, राखण कुणी करायची, हे नीट इचारून कळव. ह्येंनी झाडापाशी खाट टाकलीया. अण्णा येऊन हसतोय.

तुजी,
गोजरअक्का

———

सोलापूर
२९ जून १९२७

तीर्थस्वरूप अक्कास महिपतीचा नमस्कार.

तुझं पत्र मिळालं आणि खरं सांगू, वाचून आनंदच झाला. आमच्या कचेरीत सध्या सालअखेरचा मोठा अहवाल चालला आहे आणि त्याची स्वच्छ नक्कल करायचं काम माझ्याकडे आहे. साहेबांनी पहिल्याच पानावर लिहिलं आहे की हे राज्य उभं आहे ते शेतावर आणि रानावर. ज्वारी, कापूस, करडई तर आहेच; पण कुरणातलं गवत, जळण, बाभळीची साल, कातडी कमावायला लागणारा तरवड, डिंक, या सगळ्यातून सरकारच्या तिजोरीत भर पडते. त्यात चंदनालाही जागा आहे. तुमच्या शेळीच्या खुंटाला एवढं मोल असेल हे कुणाला वाटलं होतं?

आता मुद्द्याचं. माझ्या वाचनात आलं त्यावरून, संस्थानांत चंदनावर बहुधा दरबाराचा हक्क असतो. खालसात मात्र शेतातलं झाड बहुतेक ठिकाणी शेतकऱ्याचंच धरतात. तेव्हा झाडाचा बुंधा बांधाच्या कोणत्या अंगाला आहे ते आधी पाहा. तो सिद्धलिंगप्पा अण्णांच्या अंगाला असला, किंवा असल्यासारखा दिसला, तर रावजी दाजींनी सरळ सांगावं की झाड अण्णांचं. म्हणजे राखणीची ब्याद टळेल. अण्णांनी ते रीतसर विकावं आणि अर्धं तुम्हाला द्यावं. इतक्या वर्षांचा शेजार आहे, ते नाही म्हणायचे नाहीत. यात कुणाचंच नुकसान नाही.

मी राहतो त्या गल्लीत तेलुगू विणकरांची घरं आहेत. हातमागांचा खटका दिवसभर चालू असतो, तरी आता त्याची सवय झाली. जेवण वेळेवर होतं. काळजी नसावी.

आपला,
महिपती

———

हिरेवाडी
नागपंचमी झाल्यावर

चिरंजीव महिपतीस आशीर्वाद.

तुजं पत्र मी मोठ्यांदा वाचून दाखिवलं. तितंच चुकलं का काय, मला कळंना झालंय.

आदी समदं हसण्यावारी चाललं हुतं. हे म्हणायचं, "अण्णा, झाड तुमचं." अण्णा म्हणायचा, "छे छे, रावजी, तुमचंच. तुमची शेळी त्येच्या पाल्यावर वाढली." कुणालाच राखण नगं हुती. संस्थानचा शिपाई परत आला तवा ह्येंनी सांगिटलं, बुंधा पलीकडं हाय, झाड खालसातलं. तो तोंड वाकडं करून गेला. मग आठ दिसांत खालसातला शिपाई आला अन् त्येनं पलीकडच्या अंगाला चुन्याची खूण केली. म्हंजे आता झाडाला दोन खुणा. तो अण्णाला म्हणला, चौकशी होईस्तवर राखण तुमची.

तरीबी अण्णा हसतच हुता. पण ह्येंच्या डोस्क्यात तुजं अर्धं बसलं हुतं. पंचमीच्या आदल्या दिशी चिंचंखाली चार माणसं बसल्याली, तितं हे म्हणलं, "अण्णा, झाड इकलं की अर्धं आमचं बरं का."

अण्णानं इचारलं, "झाड माजं, तर अर्धं तुमचं कसं?"

"बांध दोघांचा हाय की."

"मग राखण दोघांची का न्हाय? तवा तर म्हणलात, अण्णा, झाड तुमचं."

हे म्हणलं, "माझ्या मेव्हण्यानं लिहिलंय. तो सरकारात हाय."

अण्णा उठून उभा राहिला. म्हणला, "व्हय? म्हंजे तुमी घरात बसून माज्या झाडाची वाटणी लिहून मागिवली?" अन् गेला. सांजच्याला त्येनं आमच्या गोठ्यातनं आपला बैल सोडून नेला. औंदा बैल आमच्याकडं बांधायची पाळी हुती. बैल जाताना मागं वळून वळून बघत हुता. आमच्या बैलानं त्या दिशी कडब्याला तोंड लावलं न्हाय.

मला अजून कळत न्हाय, भांडण नेमकं कशावरनं झालं. अर्ध्यावरनं, का राखणीवरनं, का पत्रावरनं? ह्येंना इचारलं तर म्हणत्यात, "तुला काय कळतंय?" आता पुढं काय करायचं ते कळव. पण ह्या टायमाला मी वाचून दाखवणार न्हाय.

तुजी,
गोजरअक्का

———

सोलापूर
१६ ऑगस्ट १९२७

तीर्थस्वरूप अक्कास महिपतीचा नमस्कार.

पत्र वाचून फार वाईट वाटलं. माझा हेतू तसा नव्हता हे दाजींना सांग. किंवा नको सांगूस. जे बरं वाटेल ते कर.

मी नाव न घेता कचेरीत विचारलं. हेडक्लार्क म्हणाले की दोन मुलखांच्या हद्दीवरचं झाड म्हणजे मोठं अवघड प्रकरण. संस्थान खालसाला लिहिणार, खालसा संस्थानाला लिहिणार, आणि मग दोन्हीकडचे मोजणीदार येणार. मोजणी झाली की वाद मिटतो. तेव्हा मोजणी व्हावी हेच बरं.

माझ्या मते बांधात कुठे तरी हद्दीचा दगड पुरलेला असेल. तो सापडला तर एका दिवसात निकाल लागेल. बांधावर बाभळी, तरवड, बोरी यांची फार गर्दी आहे, ती मला आठवते. दाजींनी आपल्या अंगाची झुडपं काढून बांध मोकळा करावा. दगड दिसेल, आणि चंदनचोराला लपायलाही जागा उरणार नाही. अण्णांनाही तसंच सुचवता आलं तर पाहा.

एवढ्या एका झाडापायी बैल सोडून नेणं मला पटत नाही. शिवम्मावहिनी काय म्हणतात? तू त्यांच्याबद्दल काहीच लिहिलं नाहीस.

अहवालाचं काम लांबलं आहे. दिव्याखाली आकडे उतरवून उतरवून मान आखडते.

आपला,
महिपती

———

हिरेवाडी
उत्तरा लागल्या

चिरंजीव महिपतीस आशीर्वाद.

बांध मोकळा केला. ह्येंनी आपल्या अंगाच्या बाभळी पाडल्या, तरवड मुळासकट उपटला. ते बघून अण्णानंबी आपल्या अंगाचं समदं तोडलं, बोरीसुद्धा. दोघं पाठीला पाठ लावून कुऱ्हाडी चालवीत हुते, एक शबूद न्हाय. आता बांधावर ते एकलंच झाड उभं हाय. मला तर ते बघवत न्हाय, ल्हान पोरगं पंगतीत उठून उभं राहावं तसं दिसतंय.

दगड सापडला. पण झाडाच्या मुळीनं तो वर उचलून आडवा केलाय. कोणचं तोंड कुणीकडं, काय सांगता येत न्हाय. मोजणीदार आले. संस्थानच्या साखळीनं झाड पलीकडं गेलं अन् खालसाच्या साखळीनं अलीकडं आलं. दोघं मोजणीदार एकमेकांकडं बघत बसले, आमी त्येंच्याकडं. मग च्या पिऊन गेले.

म्हंजे आता संस्थान म्हणतंय खालसाचं, अन् खालसा म्हणतंय संस्थानचं. आदी दोघांस्नी पायजे हुतं न्हवं?

आनि एक. झाडाचा पाला पिवळा पडाय लागलाय. ह्येंना वाटतंय अण्णानं बुडात कायतरी घातलं. अण्णाला वाटतंय ह्येंनी.

शिवम्माचं इचारलंस. लिहिणार न्हवते, पण तुला सांगती. ती अन् मी वड्याला धुणं धुवाय येतो, वरच्या अंगाला, जितनं दोन्ही शेतं दिसत न्हाईत. दादल्यांस्नी ठावं न्हाय. ती धुणं आपटत इचारती, "येन माडूदु, गोजरक्का?" म्हंजे काय करायचं म्हणती. मी म्हणती, मला काय ठावं? मग दोगी मिळून धुणं पिळतो.

खरा घोर येगळाच हाय. रान वापशाला आलंय. शाळू पेरायची येळ हीच. कुळवाच्या पाळ्या आदी झाल्याल्या म्हणून बरं, पण तिफण वढाय जोडी कुटं हाय? ह्येंनी बाजारच्या गावाहून एक बैल भाड्यानं आणला. तो आमच्या बैलासंगं चालंना. एक फुडं वढायचा, एक मागं. तास वाकडंतिकडं झालं, शेवटी ह्येंनी जू खाली टाकलं. अण्णानं गाभण म्हस जुंपायचं मनात आणलं हुतं, शिवम्मा आडवी पडली. दोन्ही रानं तशीच पडल्याती. ह्या पंधरवड्यात पेरा झाला न्हाय तर फुडं वल ऱ्हाणार न्हाय.

तू लिहिलंस राज्य शेतावर अन् रानावर उभं हाय. मला एक कळत न्हाय. शाळू इकला तर तो तुज्या अहवालात येतो आसंल. घरात खाल्ला तर? शेळीनं खाल्ल्याला पाला? अन् शेजाऱ्याला बैल दिला, त्येनं आपला दिला, हे कुटं लिवत्यात? म्हंजे मी उगं इचारती.

तुजी,
गोजरअक्का

———

सोलापूर
२६ सप्टेंबर १९२७

तीर्थस्वरूप अक्कास महिपतीचा नमस्कार.

हे पत्र मिळताच बांधावर आणखी काही तोडायचं थांबवायला सांग.

कचेरीत एक म्हातारे रेंजर कामासाठी आले होते. उभी हयात कानडी मुलखाच्या रानात गेली आहे त्यांची. मी त्यांना तुमच्या झाडाचं सांगितलं. ते म्हणाले, "बांध साफ केला? मग ते जगायचं नाही." मी कारण विचारलं. ते म्हणाले की चंदनाचं मूळ एकट्याच्या जिवावर वाढत नाही. शेजारच्या बाभळीच्या, तरवडाच्या, अगदी तुरीच्यासुद्धा मुळांना ते जाऊन चिकटतं आणि त्यांच्यातून आपलं पोट भरतं. आजूबाजूचं काढलं की ते उपाशी पडतं. तेव्हा कुणी बुडात काही घातलेलं नाही. हे दाजींना आणि अण्णांना कळायला हवं. पण मी लिहिलेलं वाचून दाखवायचं नाही असं तू ठरवलं आहेस, आणि त्याबद्दल मी तुला काय म्हणू? मी जंगलखात्यात आहे, पण चंदनाचं झाड, तुमचं ते एक सोडून, मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. त्याच्याखाली निजलो तेव्हाही मला ते चंदन म्हणून ठाऊक नव्हतं.

तू विचारलंस ते मी हेडक्लार्कना विचारलं. घरात खाल्लेली ज्वारी पिकाच्या अंदाजात येते म्हणाले. शेळीच्या पाल्याचं विचारल्यावर त्यांनी वहीची पानं चाळली. उसन्या बैलाचं विचारलं तेव्हा हसले आणि म्हणाले, "तुमच्या भगिनींना इथे नेमावं लागेल." मला हसू आलं नाही.

आणखी एक गोष्ट. यंदाच्या पेऱ्याचा गावोगावचा अंदाज मामलेदार कचेरीकडून नक्कल करायला आमच्याकडे येऊन पडला आहे. अण्णांच्या गावची रब्बी नेहमीएवढीच पेरली जाईल असं त्यात आहे. अण्णांचं रान रिकामं पडलं आहे हे मला तुझ्या पत्रावरून माहीत. तसं मी हेडक्लार्कना बोललो, तर म्हणाले, पत्र म्हणजे आकडा नव्हे. मी आहे तसं उतरवलं.

रजा मागितली, मिळाली नाही. पेरणीचं काय झालं ते लगेच कळव.

आपला,
महिपती

———

हिरेवाडी
दसरा झाल्यावर

चिरंजीव महिपतीस आशीर्वाद.

दसऱ्याचं सोनं म्हणून ह्या पत्रातनं आपट्याचं पान धाडती.

आता काय झालं ते सांगती. हस्त लागला आसंल. ह्येंना संस्थानच्या कचेरीत झाडाच्या सुनावणीला बोलावणं आलं. त्याच दिशी अण्णालाबी त्येंच्या तालुक्याला. दोघं तांबडं फुटायला निघाले, एक हिकडच्या वाटंनं, एक तिकडच्या. मी चुलीपाशी बसून इचार करत हुते की आजचा दिस गेला की गेलं. तेवढ्यात दारात बैलाच्या गळ्यातली घंटा वाजली. घंटा आमच्या बैलाची न्हवती.

बाहीर आले तर शिवम्मा. कासरा हातात, लुगड्याचा खोचा मारल्याला. म्हणली, "गोजरक्का, तुजा बैल काढ."

मी म्हणलं, "अगं, हे आल्यावर काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते म्हणतील. शाळू थांबत न्हाय."

"अन् तिफण कुणी हाणायची?"

"मी. बापाच्या घरी भाऊ न्हवता. हाणलीया मी."

इतकी वरसं शेजार, मला हे ठावं न्हवतं बघ.

दोन्ही बैल जुवाखाली आले तवा आदी एकमेकांचं तोंड हुंगलं अन् मग असे चालले की जसं कायबी झालं न्हवतं. शिवम्मा तिफण धरून, मी बी सोडाय चाड्यावर मूठ धरून. पयलं कुणाच्या रानातनं सुरू करायचं? दोगी उभ्या राहिलो. तिला म्हणवंना माजं, मला म्हणवंना माजं. शेवटी बैल हुते तितनंच सुरू केलं, म्हंजे बांधापासनं. बांध तर तोडून सपाट झाल्याला. उन्हं वर आली, डोळ्यावर घाम, अन् शिवम्माचं लक्ष तिफणीवर. बांध कुटं संपला, रान कुटं लागलं, काय उमजंना. तासं हिकडनं तिकडं गेली. झाडाला तेवढा वळसा घातला. दिस मावळतीला दोन्ही रानांचा बराचसा पेरा उरकला. राहिल्यालं दुसऱ्या दिशी. माझी मूठ इतकी आखडली की भाकरी मोडवंना.

दादले आले ते अंधार पडायच्या टायमाला, दोन वाटांनी, पर शेतावर एकदमच. ह्येंना संस्थानात सांगिटलं हुतं की झाड खालसाचं, तितं जावा. अण्णाला खालसात सांगिटलं हुतं की झाड संस्थानचं, तितं जावा. दोघांच्याबी अंगात त्राण न्हवतं. त्येंनी पेरल्यालं रान बघितलं. आमाला बघितलं. जू अजून बैलांच्या मानंवरच हुतं.

मला वाटलं आता कायतरी हुणार. मग अण्णा म्हणला, "तासं वाकडी आल्याती."

हे म्हणलं, "व्हय. वाकडीच आल्याती."

बस, एवढंच. एकमेकांशी बोलले का तासांशी बोलले, मला कळलं न्हाय. अण्णानं आपला बैल सोडून नेला. दुसऱ्या दिशी सकाळी मी दार उघडलं तर शिवम्मा बैल घेऊन उभी, अन् तिच्या दादल्यानं काय म्हणलं न्हाय. ह्येंनी बी न्हाय. भांडण मिटलं म्हणावं तर बोलत न्हाईत, अन् हाय म्हणावं तर बैल येतोय.

तुज्या रेंजरचं मी ह्येंना सांगिटलं. पत्रातलं म्हणून न्हाय, असंच, भाकरी वाढताना. म्हणलं, कुणी बुडात कायबी घातलं न्हाय, झाडाचं खाणंच आपण तोडलं. हे जेवायचं थांबले. मग म्हणलं, "अजून एक भाकर दे." त्येंच्या मनात काय आलं, देव जाणं.

तुजी,
गोजरअक्का

———

सोलापूर
१ नोव्हेंबर १९२७

तीर्थस्वरूप अक्कास महिपतीचा नमस्कार.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. शेजारच्या विणकर आजीबाईंनाही मराठीतून वाचून दाखवलं. त्यांना अर्धं कळलं, पण तिफण हाणण्याच्या ठिकाणी त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

अहवाल एकदाचा गेला. अण्णांच्या गावचा पेरा आता खरा झाला, तेव्हा माझ्या हातचा एक आकडा तरी खोटा ठरला नाही. पण जेव्हा तो मी लिहिला तेव्हा खोटा होता, आणि आता खरा आहे, तर मग नक्कल करताना मी चूक केली की बरोबर? साहेबांना विचारण्यासारखं ते नाही.

झाडाचंही अहवालात आलं आहे. ‘सरहद्दीवरील चंदन, निर्णय प्रलंबित.’ संस्थानच्या अहवालातही असंच काही आलं असेल. तेव्हा ते झाड दोन राज्यांच्या संपत्तीत धरलेलं आहे आणि तुमच्या बांधावर वाळत आहे.

दिवाळीला आलो नाही म्हणून रागावू नकोस. दाजी आणि अण्णा बोलू लागले का?

आपला,
महिपती

———

हिरेवाडी
येळवशीच्या दुसऱ्या दिशी

चिरंजीव महिपतीस आशीर्वाद.

झाड गेलं. कार्तिकात ते उभ्याउभ्याच वाळलं. मग एक दिस दोन्हीकडचे शिपाई अर्धं अर्धं न्यायचा हुकूम घिऊन बरोबरच आले. करवतीनं कापलं, बुंध्याचे दोन तुकडे केले, एक संस्थानच्या गाडीत, एक खालसाच्या. आमी चौघं उभं राहून बघत हुतो. एक शिपाई म्हणला, "गाभा धरलाय, वास येतोय." दुसरा हुंगून म्हणला, "कुटं? नुसतं पांढरं लाकूड हाय." तितनंच त्येंची जुंपली. गेले मग. मी खाली पडल्याली एक ढलपी उचलली अन् हुंगली. मला वास आला का न्हाय, माझं मलाच कळलं न्हाय. शिवम्मा म्हणली येतोय. मग मलाबी आल्यावानी वाटलं.

शाळू बेस आलाय, खांद्याच्या वर. पर बांधावरबी आलाय, अन् बुडख्याभवतीबी. वाकड्या तासांनी हद्द कुटं ऱ्हायलीच न्हाय.

तू इचारलंस, बोलू लागले का. काल येळवस झाली, रानाच्या पूजेची अवस. सालोसाल आमी दोन घरं एकाच जागी जेवायचो. औंदा मी माझ्या रानात कडब्याची कोप केली, शिवम्मानं तिच्या. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, समदं येगळं. पूजा झाली. मग आंबील शिंपडत आपल्या रानाला फेरी घालायची असती, ते ठावं हाय तुला. हे आमच्या कडंनं निघाले, हातात आंबिलाचं गाडगं. अण्णा त्येंच्या कडंनं निघाला. मी कोपीतनं बघत हुते.

ज्वारी एवढी दाट की फकस्त पटके दिसत हुते, एक हिकडनं येतोय, एक तिकडनं. अन् बांध हुता त्या ठिकाणी दोघं समोरासमोर आले अन् थांबले. हितनं वळायचं असतं. पर कुटं वळायचं, ते दोघांस्नीबी उमगंना. हे खाली बघाय लागले, अण्णाबी. पायानं ज्वारी बाजूला सारून बघितलं. दगड तर मोजणीदारांनी मागंच काढून टाकला हुता. शिवम्मा तिच्या कोपीतनं उठून उभी राहिली. मीबी.

मग ह्येंचा आवाज आला, "अण्णा, तुमचं कुटवर?"

अण्णा म्हणला, "मला काय ठावं, रावजी? तुमीच सांगा."

"मला न्हाय सांगता येत."

मग अण्णाचा पटका आमच्या रानात शिरला अन् ह्येंचा त्येंच्या. आंबील शिंपडत दोघं चालत राहिले. अण्णानं आमच्या रानाची फेरी पुरी केली, ह्येंनी त्येंच्या. अण्णा आमच्या कोपीपाशी पोचला तवा दमला हुता. मी म्हणलं, बसा. बसला. तिकडं हे शिवम्माच्या कोपीत बसल्यालं मला दिसलं. शेवटी मीच माझं समदं उचललं अन् अण्णाला म्हणलं, चला तिकडं.

शिवम्माची भज्जी समद्यांनी बोट चाटून खाल्ली. माझी तशीच ऱ्हायली, घरी आणावी लागली. हे म्हणत्यात मीठ जास्त झालं हुतं. मला तर तसं लागलं न्हाय.

हुरड्याला ये. रजा दिली न्हाय तरी ये.

तुजी,
गोजरअक्का